चौथी झडप

चिंतामणी धारपांच्या शब्दाला कर्णिक बिल्डिंगमध्ये वजन होतं. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एक मार्क इकडचा तिकडे झाला नाही, असं गिरगावातल्या त्या तीन मजली चाळीत सगळे सांगत. सख्ख्या मेव्हण्याचा मुलगा दोन मार्कांनी राहिला तेव्हा मेव्हणा पेढ्यांचा बॉक्स घेऊन घरी आला होता. धारपांनी त्याला चहा पाजला आणि बॉक्स तसाच त्याच्या पिशवीत परत ठेवला. पुढे कित्येक वर्षं मेव्हणा त्यांच्याशी धड बोलत नव्हता. पण चाळीत नळाच्या वेळेवरून भांडण झालं, गॅलरीतल्या दोरीवरून कुरबुर झाली, की लोक म्हणायचे, "धारपकाकांना विचारा. ते सांगतील ते खरं."

असा हा माणूस घरातली गोष्ट ठरवायची म्हटली की मात्र अडून बसायचा. मिक्सर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, यात एक दिवाळी गेली होती. तसंच पुढच्या खोलीतल्या खिडक्यांचं झालं.

चौकाकडे उघडणाऱ्या दोन खिडक्या, प्रत्येकीला दोन झडपा, वर काच आणि खाली फळी. बिल्डिंग बांधली तेव्हापासूनचं सागवान. पावसाळ्यात त्या फुगायच्या, बंद होताना कुरकुरायच्या, आणि सुचित्राबाई दरवर्षी म्हणायच्या, "अहो, सगळ्यांनी स्लायडिंग केल्या. आपणच काय म्हणून या कडीशी झुंजत बसायचं?" धारप म्हणायचे, "बघू." शेजारचा उन्मेष बिल्डिंगच्या भाडेकरू कमिटीचा सेक्रेटरी होता. त्याने ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं पत्रकच आणून दिलं. धारपांनी ते फाइलला लावलं आणि पुन्हा म्हणाले, "बघू."

मग त्यांची मुलगी नूपुर हिचं लग्न ठरलं. साखरपुडा घरीच करायचा होता. मुलाकडची माणसं पुण्याहून येणार होती. निदान खिडक्यांना रंग तरी लावू या, असा सुचित्राबाईंनी धोशा लावला, तेव्हा धारपांनी दौलत मेस्त्रींना फोन केला.

दौलत मेस्त्री मूळचे कणकवलीकडचे. वडील गिरणीत सुतारखात्यात होते. गिरणी गेली तरी हत्यारं घरात राहिली आणि दौलतने ती पुढे चालवली. लोअर परळच्या चाळीत राहायचे आणि गिरगावात कुणाचं दार अडलं, कुणाचं कपाट ढिलं झालं की पिशवी खांद्याला लावून यायचे. बोलायला कमी. आल्याबरोबर त्यांनी चारही झडपा उघडून-मिटून पाहिल्या, बोटाने ठोकल्या, आणि उजव्या खिडकीच्या एका झडपेशी थांबले. पिशवीतून बारीक पटाशी काढून त्यांनी तिच्या उभ्या पट्टीत खाली टोचली. उकडलेल्या सुरणात सुरी जावी तशी ती आत गेली.

"साहेब, तीन झडपा एक नंबर आहेत. असलं लाकूड आता बघायला मिळत नाही. घासून पुसून रंग मारला की पन्नास वर्षं बघायला नको. पण ही चौथी कुजलेली आहे. बिजागरी आहे तिथंच कुजली आहे. झडप उतरवून ही पट्टी पूर्ण बदलायला लागेल."

"किती दिवस?"

"लाकूड आणायचं, पट्टी करायची, बसवायची. आठवडा धरा. तोपर्यंत खिडकी उघडीच."

साखरपुडा पाच दिवसांवर होता. उघड्या खिडकीवर चादर बांधून पाहुण्यांना बसवायचं, हे धारपांच्या डोळ्यांपुढे आलं. सुचित्राबाई तेव्हा खरेदीला दादरला गेल्या होत्या. घरात दोघंच होते.

"मेस्त्री, आत्ता लांबी-पुट्टी भरून रंग मारून द्या. दिसायला ठीक दिसू दे. कार्यक्रम झाला की पट्टीचं बघू."

"लांबीनं लाकूड धरत नाही, साहेब."

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

दौलत मेस्त्रींनी पटाशी पुसून पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "ठीक आहे. पण ही झडप उघडायची नाही. मी लोखंडी पट्टी मारून चौकटीला बंद करून टाकतो. लाकूड बदलेपर्यंत हात लावू नका. खाली माणसं असतात."

त्यांनी चार स्क्रू पिळून ती झडप चौकटीला बांधून टाकली, वरून पडदा आला आणि कुणाला काही कळलं नाही. साखरपुडा छान झाला. नूपुरच्या सासूबाई तर खिडक्यांकडे पाहून म्हणाल्या, "अशा खिडक्या आता राहिल्या नाहीत हो." धारपांना बरं वाटलं.

मेस्त्रींनी नंतर दोनदा फोन केला. पहिल्यांदा धारप म्हणाले, "लग्नाची गडबड आहे." दुसऱ्यांदा म्हणाले, "बायको स्लायडिंग म्हणते आहे. तसं करायचं तर मग एका पट्टीचा खर्च तरी कशाला? ठरलं की सांगतो." ते काही ठरलं नाही.

एप्रिलच्या अखेरीस सुचित्राबाई लग्नाच्या तयारीसाठी पुण्याला गेल्या. त्या आठवड्यात एका दुपारी बिल्डिंगची वीज गेली. पंखा बंद, अंगाची काहिली, आणि उजवी खिडकी अर्धी बंद. धारप दोनदा तिच्यापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, चारही स्क्रू काढले, लोखंडी पट्टी उतरवली आणि झडप हलकेच उघडली. काही झालं नाही. चौकातून गार झुळूक आली. वीज आल्यावर पट्टी पुन्हा लावू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. स्क्रू वाटीत घालून कपाटावर ठेवले आणि झोपले. वीज संध्याकाळी आली. पट्टी काही लागली नाही. झडप रोज उघडत होती, मिटत होती, आणि सुचित्राबाई परत आल्या तेव्हा त्यांना वाटलं, ह्यांनी मागे लागून काम करून घेतलेलं दिसतंय.

मे संपत आला होता. दुपारी साडेचारच्या सुमाराला अचानक वारा सुटला. चौकात वाळत टाकलेल्या चिकवड्या उडू लागल्या म्हणून तळमजल्यावरच्या बकुळावहिनी धावत बाहेर आल्या. वर धारपांची झडप चौकटीवर आपटली, म्हणून ते ती ओढून घ्यायला गेले. मूठ हातात धरली आणि खालची बिजागरी मूठभर भुशासकट सुटून आली. झडप क्षणभर वरच्या बिजागरीवर लोंबकळली. त्यांनी मूठ घट्ट धरली होती, पण वजन ओढत होतं, आणि मग बोटांतून ते सगळं निसटलं.

"वहिनी!" ते ओरडले.

बकुळावहिनींनी वर पाहिलं, हात डोक्यावर धरला, आणि झडप त्या हातावर आली.

डोकं वाचलं. उजवं मनगट मात्र दोन ठिकाणी मोडलं.

बकुळावहिनी धारपांच्या जिवलग मित्राच्या, शरच्चंद्र साटमांच्या पत्नी. साटम जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. वहिनी ब्लाउज शिवायच्या, साड्यांना फॉल लावायच्या, आणि त्यांच्या हाताची टीप पाहून बायका प्रार्थना समाजाच्या नाक्यापासून यायच्या. तोच हात आता सुजून निळा झाला होता. धारपच त्यांना टॅक्सीत घालून हॉस्पिटलला घेऊन गेले. वाटेभर त्या म्हणत होत्या, "तुम्ही ओरडलात म्हणून वाचले हो, भाऊजी." धारप काचेबाहेर पाहत राहिले.

रात्री घरी आले तेव्हा जिन्यापाशी चाळ जमली होती. उन्मेष तुटकी झडप पायाने उलटीपालटी करून पाहत होता.

"कुणी केलं होतं काका, हे काम?"

धारपांच्या आधी सुचित्राबाईच बोलल्या, "दौलत मेस्त्रींनी. आता तीन महिने पण नाही झाले."

"बघा! लांबी भरून ठेवली आहे नुसती. वरून रंग. फसवणूक आहे ही."

त्या वेळी धारप बोलले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. बोलायचं होतंही त्यांना. पण वहिनींच्या किंकाळीने कान अजून भरलेले होते, समोर पंधरा-वीस चेहरे होते, आणि त्या चेहऱ्यांवर त्यांच्याबद्दल नुसती कणव होती. ते पाणी पितो म्हणून घरात गेले.

दुसऱ्या दिवशी उन्मेषने दौलत मेस्त्रींना बोलावून घेतलं. मेस्त्री आले, जिन्याखाली ठेवलेली झडप उचलून त्यांनी उजेडात धरली. कडेची चार भोकं बोटाने चाचपली.

"ही मी बंद केलेली," ते म्हणाले. "लोखंडी पट्टी मारून. स्क्रू वाऱ्यानं उपटले असते तर इथं लाकूड फाटलं असतं. हे कुणीतरी फिरवून काढलेत. आणि लाकूड बदलायला लागेल, हे मी साहेबांना बोललेलो. दोन वेळा फोन पण केला."

सगळ्यांनी धारपांकडे पाहिलं. उन्मेष म्हणाला, "काका, असं काही बोलले होते हे?"

हो म्हणायला एक अक्षर पुरे होतं.

"तसं... काही स्पष्ट आठवत नाही," ते म्हणाले.

दौलत मेस्त्रींनी त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही. बहिऱ्या माणसाने समोरच्याचे ओठ बघावेत तसं. मग त्यांनी झडप अलगद भिंतीला टेकवली, पिशवी उचलली आणि निघून गेले. कर्णिक बिल्डिंगमधली त्यांची तीन घरची ठरलेली कामं त्याच संध्याकाळी रद्द झाली. आजूबाजूच्या वाड्यांतही बभ्रा झाला.

धारपांच्या घरी चार दिवसांत स्लायडिंगच्या खिडक्या लागल्या. इतकी वर्षं जे ठरत नव्हतं ते सुचित्राबाईंनी एका फोनवर ठरवलं. चांगल्या तीन झडपाही चौथीबरोबर गेल्या. धारप त्या नव्या खिडकीपाशी फारसे बसत नसत.

नूपुरचं लग्न झालं. धारप हसले, हार घालून फोटोत उभे राहिले. घरी परतल्यावर त्यांनी एक काम मात्र नेमाने धरलं. रोज सकाळी बकुळावहिनींचं दूध आणायचं, दुपारी सुचित्राबाईंनी केलेला डबा पोचवायचा, पुढे आठवड्यातून दोनदा त्यांना हाताच्या व्यायामाला घेऊन जायचं. औषधपाणी सगळं त्यांनीच पाहिलं. वहिनी येईल-जाईल त्याला सांगायच्या, "सख्खा भाऊ करणार नाही इतकं करतात. देवमाणूस आहे." असं त्या म्हणाल्या की धारपांना तिथून उठून जावंसं वाटे. पण दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ते हजर.

प्लास्टर निघालं, पण मनगट पूर्वीसारखं वळेना. मशीन चालवता यायचं. हुक लावणं, हातशिलाई, फॉलचे बारीक टाके जमेनात. एकदा धारप डबा घेऊन गेले तेव्हा वहिनी डाव्या हाताने टाका घालायचा प्रयत्न करत होत्या. टाके वेडेवाकडे जात होते आणि त्या ते उसवून पुन्हा घालत होत्या.

"त्या मेस्त्रीला काही वाटत नसेल का हो?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "एकदा बघायला पण आला नाही."

धारप म्हणाले, "डबा गरम आहे तोवर जेवून घ्या." त्या दिवशी घरी येऊन त्यांना स्वतःला जेवण गेलं नाही. पित्त झालंय, असं त्यांनी सुचित्राबाईंना सांगितलं.

सुचित्राबाईंनी विचारलं नाही असं नाही. "तुम्हाला काय झालंय? सहा महिने बघते आहे." ते म्हणाले, "वय झालं." माणूस एकदा खोटं बोलला की त्याला पुढची खोटी उत्तरं तयारच सापडतात, हे त्यांना एकसष्टाव्या वर्षी कळत होतं.

जानेवारीत बिल्डिंगच्या रंगकामाची सभा झाली. तळमजल्याच्या मोकळ्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. रंगाबरोबर उरलेल्या लाकडी खिडक्या काढून टाकायच्या की दुरुस्त करायच्या, हा विषय होता. सभेचा वृत्तान्त नेहमीप्रमाणे धारप लिहीत होते. बकुळावहिनी दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

उन्मेष म्हणाला, "दुरुस्तीचा मोह नको. गेल्या वर्षी काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. काका, ठरावात कारण लिहा. सुताराच्या निष्काळजीपणामुळे झालेला अपघात लक्षात घेता—"

धारपांनी 'सुताराच्या' एवढं लिहिलं. पुढचा शब्द काही केल्या हातून उतरेना. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे मला लिहिता येणार नाही," ते म्हणाले. "कारण ते खोटं आहे."

मग त्यांनी बसल्या बसल्याच सगळं सांगितलं. लांबी भरायला त्यांनीच लावली. मेस्त्रींनी झडप बंद केली होती. स्क्रू त्यांनी स्वतःच्या हाताने काढले. मेस्त्रींचं बोलणं त्या दिवशी त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. स्क्रू वाटीत ठेवले होते, तेही सांगितलं. ते सांगायची काही गरज नव्हती.

उन्मेष म्हणाला, "काका, अहो पण..." आणि खाली बसला. सुचित्राबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. बकुळावहिनी उठल्या, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि कुणाकडे न बघता खोलीबाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारपांच्या दाराशी डबा ठेवलेला होता. धुतलेला, कोरडा, रिकामा. इतके महिने तो कधी रिकामा परत आला नव्हता. कधी चार लाडू, काही नाही तर चिमूटभर साखर तरी असायची. धारप दूध घेऊन गेले तर दार उघडलं नाही. व्यायामाला त्या एकट्याच जाऊ लागल्या.

"मला तरी सांगायचं होतं," सुचित्राबाई म्हणाल्या. "मीच त्यांचं नाव घेतलं होतं सगळ्यांसमोर. मला कुठे ठेवलंत तुम्ही?"

त्या रविवारी धारप बसने लोअर परळला गेले. काचेच्या टॉवरांच्या मागे दौलत मेस्त्रींची चाळ होती. मेस्त्री घरीच होते. त्यांच्या पत्नी रमाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. धारपांनी नाव सांगितलं तेव्हा त्यांचा हात ताटात थांबला.

धारपांनी सभेतलं सगळं पुन्हा सांगितलं. "मी खोटं बोललो, मेस्त्री. तुमच्या तोंडावर."

दौलत मेस्त्री पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होते. मग म्हणाले, "मला तुमचा राग नाही आला तेव्हा, साहेब. आला असता तर बरं झालं असतं. तुमच्यासारखा माणूस आठवत नाही बोलतो, म्हणजे मीच बोललो नसेन, असं वाटायला लागलं. घरी येऊन हिला विचारलं, अगं, मी फोन केलेला ना? ही बोलते, माझ्यासमोर केलात. तरी मला खात्री वाटेना. स्क्रू बरोबर पिळलेले का, त्याची पण नाही. नंतर कुणाच्या खिडकीला हात नाही लावला मी. इथं टॉवरमध्ये कपाटांना सनमायका चिकटवतो. पडलं तरी खाली कुणी नसतं."

धारपांनी मान खाली घातली. हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मेस्त्रींची कामं गेली, नाव गेलं, हे सगळं त्यांनी रोज घोकलं होतं. पण आपल्या एका वाक्याने एका कारागिराचा स्वतःच्या हातावरचा भरवसा जाईल, याचा हिशेब त्यांनी केलाच नव्हता.

"बिल्डिंगमध्ये या," ते कसंबसं म्हणाले. "पाच घरं दुरुस्ती करायला तयार आहेत. उन्मेषने स्वतः सांगितलंय."

"बघतो."

रमाबाईंनी चहा आणून त्यांच्यापुढे ठेवला. "चाय घेवा आणि जावा," त्या म्हणाल्या. "ते इले तर तुमच्यासाठी नाय येवचे."

मेस्त्री फेब्रुवारीत आले. पाच घरच्या सतरा झडपा त्यांनी दुरुस्त केल्या. धारपांच्या दारावरून, गॅलरीतून रोज जायचे-यायचे. धारप दिसले तर मान हलवायचे, त्यापलीकडे काही नाही. पहिल्या दिवशी एका झडपेचे स्क्रू पिळून झाल्यावर त्यांनी ती तीन-तीनदा हलवून पाहिली, हे धारपांनी गॅलरीतून पाहिलं आणि आत जाऊन बसले. कामं संपायच्या सुमाराला मेस्त्री एकदाच हलवून पुढच्या झडपेकडे वळत होते. बकुळावहिनींच्या खिडकीचं काम करताना मात्र त्यांना दोन दिवस जास्त लागले. वहिनी त्यांना चहा द्यायच्या आणि दोघं बराच वेळ बोलायची. वर धारपांना त्यांचे आवाज ऐकू यायचे, शब्द नाही.

पाडवा गेला. एके दुपारी धारप भाजी घेऊन येत होते, तेव्हा तळमजल्याच्या दारातून हाक आली.

"भाऊजी, जरा आत या."

वहिनींनी पलंगावर एक हिरवी साडी पसरली होती. फॉल लावायचा होता. उजव्या हाताला अजून ताण घेता येत नव्हता, आणि कापड ताणून धरल्याशिवाय टाका सरळ जात नाही. सुई त्यांनी डाव्या हातात धरली होती.

"हे टोक धरा," त्या म्हणाल्या.

धारपांनी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि टोक धरलं.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," वहिनी सुईकडे बघत म्हणाल्या. "करीन की नाही, ते पण सांगत नाही. पण हे गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे. घट्ट धरा."

साडीची एक कड पुरी व्हायला पाऊण तास लागला. धारपांच्या हाताला रग लागली होती, पण त्यांनी कापड सैल सोडलं नाही.